बिगरनोंदीचा भविष्यकाळ

माझ्या नणंदेला इंग्रजीतला भविष्यकाळ मी शिकवला, आणि शिकवता शिकवता तिच्यावर जेवढी जळले तेवढी आयुष्यात दुसऱ्या कुणावर जळले नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावे लागणार आहेत, ते किती जिवावर येतायत हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

नव्वदचं दशक अर्ध्यावरून पुढं सरकलं होतं. माझं माहेर मोरगावकडचं, कोरडवाहू. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर शेरडं राखायची. तिथून रोज एसटीनं बारामतीला जाऊन मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. सगळ्या व्याकरणात माझा जीव भविष्यकाळावर. पुढच्या गोष्टीला इंग्रजीत किती घरं! आत्ता मनात आलं तर एक रूप, आधीपासून ठरलेलं असलं तर दुसरं, तिकीट हातात असलं तर तिसरं, त्या वेळी काम चालू असणार असलं तर चौथं, आणि तोवर उरकलेलं असणार असलं तर पाचवं. एसटीच्या खिडकीशी बसून मी ही सगळी रूपं स्वतःला लावून बघायची. बी.एड. करायचं आणि हायस्कूलवर इंग्रजी शिकवायचं, एवढं एकच माझं ठरलेलं होतं.

लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनी घसा साफ करून तेवढंच मागितलं. म्हणाले, "पोरीला बी.एड. करायचंय. शिकू द्याल नव्हं?" माझे होणारे सासरे, ज्यांना सगळं शेळगाव आबा म्हणायचं, त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बघू की," म्हणाले. वडील खुशीत घरी आले. त्यांच्या लेखी तो होकार होता. कोरडवाहू माणूस, ढग दिसला तरी पेरणीची पाभर बाहेर काढतो.

वरात शेळगावात आली तेव्हा उंबऱ्यात नणंद आडवी उभी. आमच्याकडं नवरानवरी घरात शिरायच्या वेळी नवऱ्याची बहीण दार अडवते. दोन्ही हात चौकटीला लावते आणि विचारते, तुमची लेक माझ्या लेकाला देणार का? देणार म्हटलं की हात काढते, मग नवरी माप लवंडून आत. सगळा हसण्याखिदळण्याचा मामला. ही तेव्हा शाळेतच होती, डोक्यापेक्षा गजरा मोठा.

"दादा, लेक देणार का?"

आमचे हे म्हणजे बापाचंच पोर. म्हणाले, "बघू."

"बघू चालत न्हाय. देणार म्हणा."

वऱ्हाड हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "द्या की राव, पोरगी कवाची उभी हाय." ह्यांनी देणार म्हटलं. मग तिनं माझ्याकडं हनुवटी केली. "वहिनी, तुमी?" मीही देणार म्हटलं. जिचा पत्ता नाही अशी लेक, ज्याचा पत्ता नाही अशा लेकाला देऊन मी त्या घरात पाऊल टाकलं.

आत गेल्यावर कळलं की त्या घरात 'बघू' हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. उसाला तोड कधी येणार? बघू. मागच्या रानात बोअर घ्यायचं? बघू. माझं बी.एड.? बघू. आबा वाईट माणूस नव्हते. कुणाला तोडून बोलायचे नाहीत, सुनेवर आवाज चढवायचे नाहीत. पण 'नाही' म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं. 'बघू'शी भांडायचं कसं? ह्यांना सांगितलं तर हे म्हणायचे, आबांना विचारतो. विचारून आले की पायरीवर बसून पायातल्या वहाणा जरुरीपेक्षा जास्त वेळ झटकत बसायचे, त्यावरूनच काय ते समजायचं. एका जूनला सासूबाईंचा गुडघा आडवा आला. दुसऱ्या जूनला उसाच्या खोडव्याची खुरपणी.

आणि मग नणंदेचं लग्न ठरलं.

ती बारावीला नापास झाली होती, तीही इंग्रजीतच. दिसायला देखणी, एवढं कबूल करते. मुलगा वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला, इंजिनियर झालेला, पुण्याला संगणकाचं काम शिकून थेट अमेरिकेत नोकरी लागलेला. लांबच्या नात्यातल्या एका लग्नात तिला बघितलं आणि पसंत केली. उन्हाळ्यात लग्न लागलं, आठवडाभरात नवरा विमानात बसला. बायकोचे कागद मागून होणार होते, मुंबईला मुलाखत होणार होती. तोवर ही माहेरी, आमच्या डोळ्यांसमोर, नव्या मंगळसूत्राशी चाळा करत.

एका दुपारी सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, मला हाक मारली. "तुला इंग्रजी येतंय नव्हं? मग शिकीव की हिला. मुंबईला सायेब बसल्याला असतुया म्हणं. तितं जाऊन काय करणार, कुठं ऱ्हाणार, किती दिस ऱ्हाणार. सगळं फुडचंच इचारतुया."

म्हणजे माझ्या ज्या इंग्रजीचं काय करायचं ते या घराला इतके दिवस सुचत नव्हतं, ते एका दुपारीत सुचलं.

शिकवणी सुरू झाली ती माझ्या स्वैपाकाच्या वेळेत, कारण मला दुसरी वेळ नव्हती. मास्तरीण चुलीपुढं आणि विद्यार्थिनी पाटावर. तिला कुणी काम सांगायचं नाही, अभ्यास आहे ना. तिच्यापुढं दुधाचा पेला. तिच्या मांडीवर माझ्या ट्रंकेतलं व्याकरणाचं पुस्तक, समासात माझं बारीक अक्षर. आणि माझ्या हाताला पीठ. वयानं ती माझ्याहून धाकटी, तरी मी तिला 'वन्सं' म्हणायचं आणि 'तुम्ही' म्हणायचं. आपण ज्याला शिकवतो त्याच्या चुका काढताना 'वन्सं, तुमचं चुकलं' म्हणून बघा. दम देण्यातला दम निघून जातो.

पहिले कितीतरी दिवस आम्ही 'विल'वर अडकलो.

"वन्सं, साहेब विचारतोय, व्हॉट विल यू डू देअर? तिथं जाऊन काय करणार?"

"आय विल..." आणि गप्प.

"पुढं?"

"वहिनी, मी काय करणार ते मला काय म्हाईत? हे सांगतील ते."

"साहेबाला असं सांगायचं नाही."

"मग काय सांगू? खरंच म्हाईत न्हाय."

ती नखरे करत नव्हती. आमच्या घरात 'मी अमुक करणार' असं वाक्य कुठल्या बाईच्या तोंडून निघत नसे. आत्याबाई बाजाराला निघाल्या तरी 'जाऊन येऊ का' असं विचारल्यासारखं म्हणायच्या, तेही म्हशीला. पण मला त्या वेळी हे समजून घ्यायची इच्छा नव्हती. मला एवढंच दिसत होतं की जिच्या पायापर्यंत अमेरिकेचा रस्ता आणून ठेवलाय तिला तिथं जाऊन काय करायचं ते माहीत नाही. आणि जिला पक्कं माहीत आहे ती भाकरी फुगायची वाट बघतेय. असं वाटायचं, हिच्या हातातून तो पेला काढून घ्यावा आणि म्हणावं, मी जाते तुझ्याऐवजी, मला सगळी रूपं येतात.

पण वाईट शिकवलं नाही. तेवढा ताठा होता. माझ्या हातची विद्यार्थिनी मुंबईत जाऊन नापास झाली असती तर ते मला अजिबात चाललं नसतं.

पुढं 'गोइंग टू' काढलं. "वन्सं, आत्ता मनात आलं किंवा नुसतं वाटतंय, तर विल. आणि आधीपासूनच ठरलेलं आहे, तयारी झालेली आहे, तर गोइंग टू."

ती दूध प्यायची थांबली. ओठावर पांढरी मिशी. जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजी एक बिगरनोंदीचा ऊस न् एक नोंदीचा."

मी परातीतून वर बघितलं. आमच्याकडं उसाची लागण केली की साखर कारखान्यात त्याची नोंद करतात. नोंद झालेल्या उसाला पाळीनं तोडीची टोळी येते, उशिरा येईल पण येते. बिगरनोंदीचा ऊस तसाच रानात. न्यायचं म्हटलं तर नेतात, नाही म्हटलं तर नाही.

"आन वहिनी, ते तिसरं? आय ॲम फ्लाइंग का काय ते?"

"ते तारीख-वेळ ठरलेली असली की."

"म्हंजी टोळी कोयतं घिऊन रानात उतरली, आता काय इचारायचं न्हाय. आन ते विल हॅव म्हंजी, गाडी येस्तवर उसाला तुरा आल्याला असंल." आणि पुन्हा दूध.

बारामतीला आमच्या सरांना हे समजावायला आठवडा लागला होता, फळाभर आडव्या रेघा मारून. हिनं सगळं एका उसाच्या फडात बसवलं. मास्तरणीला आनंद व्हायला हवा होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इंग्रजी तेवढं माझं होतं, त्या घरात दुसरं काही माझं म्हणावं असं नव्हतं. त्यातही ही पाय पसरून बसली.

त्याच आठवड्यात तिच्या खरेदीला आम्ही दोघी बारामतीला गेलो. स्वेटर घ्यायचा होता, बूट घ्यायचे होते, चाकांची बॅग घ्यायची होती. भर उन्हात आम्ही दुकानदाराला स्वेटर काढायला लावले आणि तो आमच्याकडं बघत राहिला. तिनं सगळे अंगावर चढवून बघितले. "वहिनी, ह्यो कसा दिसतुया?" छान दिसतोय, म्हणाले. खरंच छान दिसत होता. मला तो फाडावासा वाटत होता.

परतीच्या एसटीची वाट बघत स्टँडवर बसलो होतो. समोरून बी.एड.च्या मुली आल्या. सगळ्यांच्या एकसारख्या साड्या, काठ निळा. काखेत गुंडाळलेले तक्ते, हातात खडूची डबी. कुठल्या तरी शाळेवर सराव पाठ घेऊन आल्या होत्या आणि कुणाची तरी फजिती आठवून हसत होत्या. एकीचा तक्ता खाली पडून उलगडला. पानांचे प्रकार काढले होते, रंगवून. मी उठून उचलून दिला. "थँक्यू हं, ताई," ती म्हणाली. माझ्याच वयाची असेल. तिच्यापुढं मी ताई झाले होते.

परत येऊन बसले तर नणंद माझ्याकडंच बघत होती. बॅगेची चाकं पुढंमागं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसले ते डोक्यात राख घालूनच. "गोइंग टूचं उदाहरण सांगा," ती म्हणाली. आणि माझ्या तोंडातून निघालं, "आय ॲम गोइंग टू डू बी.एड. इन बारामती."

"ह्याची नोंद झालीया व्हय, वहिनी?"

"उदाहरण आहे, वन्सं."

"मग बिगरनोंदीचंच की. हितं विल बसंल."

टोचून बोलली नव्हती ती. धडा नीट समजलेल्या मुलीनं चूक दाखवावी तशी दाखवली होती, आणि चूक बरोबर दाखवली होती. हातातली भाकरी मधून फाटली. मी म्हटलं, "गोइंग टूच बसतं. म्हणा." तिनं म्हटलं. "पुन्हा म्हणा." पुन्हा म्हटलं. त्या दिवशी मी तिला ते वाक्य सोडूच दिलं नाही, जसं काही ती ते म्हणत राहिली तर कुठंतरी कुणीतरी ते लिहून घेईल.

झालं असं की ते वाक्य तिच्या जिभेवर बसलं. तिच्या स्वतःच्या वाक्यात नवरा यायचा, आणि 'माय हजबंड' म्हणायची वेळ आली की ती लाजून पदर तोंडात धरायची. पुढचं सगळं वाक्य पदरात. माझ्या वाक्यात नवरा नव्हता. ते ती कोंबड्यांना दाणे टाकताना म्हणायची, अंगणात नवी बॅग ओढत फिरताना म्हणायची. आय ॲम गोइंग टू डू बी.एड. इन बारामती, आणि मागं चाकांची खडखड. रविवारी गावातल्या एसटीडी बूथवर तिच्या नवऱ्याचा फोन यायचा, तेव्हा मी घरी एकटी असायची आणि ते वाक्य मीही म्हणून बघायची. माझ्या तोंडी ते तितकं सुरेख येत नव्हतं.

मुंबईची मुलाखत झाली. नणंद तिच्या सासऱ्यांबरोबर गेली होती, ते तिला परत आमच्याकडं सोडून वालचंदनगरला गेले. ती जिंकूनच आली होती, ते अंगणातच कळलं. ओसरीवर सगळे गोळा झाले. मी चहाचा ट्रे घेऊन स्वैपाकघराच्या दारात थांबले.

"काचंमागं सायेब," ती सांगत होती. "गोरापान. नाव इचारलं, गाव इचारलं, समदं बराबर सांगितलं. मग म्हणला, व्हॉट आर यू गोइंग टू डू देअर? गोइंग टू ऐकलं न् माझ्या तोंडातनं सटाकदिशी गेलं, आय ॲम गोइंग टू डू बी.एड. इन बारामती."

हे मोठ्यानं हसले. आत्याबाईंना काही कळलं नाही तरी हसल्या.

"सायेब थांबला. म्हणला, बारामती? इज दॅट इन अमेरिका? मी म्हणलं, नो नो. दॅट इज माय वहिनी."

"वहिनी म्हणालीस त्याला?" ह्यांनी विचारलं.

"मग काय म्हणू? सिस्टर-इन-लॉ आठवंना. त्यालाबी कळंना. मग मी हातानं करून दावलं, घरी, भाकरी करत्यात त्या. हसला. मग माझं खरं उत्तर दिलं, हजबंड म्हणून, न लाजता. झालं म्हणला. निघताना म्हणला, वहिनीला गुड लक सांगा."

ओसरीवर हसण्याचा नुसता कल्लोळ. मी ट्रे खाली ठेवला. माझं वाक्य माझ्या आधी मुंबई बघून आलं होतं. त्याच्यावर तिला अमेरिका मिळाली, आणि मला काय मिळालं तर काचेमागच्या अनोळखी माणसाचं गुड लक, आणि साऱ्या घराचं हसू.

हसता हसता आबा थांबले. "पर बी.एड. कोण करणार हाय?"

"वहिनी," ती म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ह्यांनी पायातल्या वहाणांकडं बघितलं. आबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "बघू की."

त्या दिवसापासून ती जाईपर्यंत मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. शिकवायचं काही उरलं नव्हतं. तिचा चिवडा केला, मेतकूट दळून आणलं, मसाल्याच्या पुड्या बांधल्या, कुठल्या पुडीत काय ते वर लिहिलं. तिचे स्वेटर घड्या घालून बॅगेत भरले. घडी घालताना एकदा मी तो अंगाला लावून बघितला आणि लगेच काढला. ती मात्र नेहमीसारखी. पाटावर येऊन बसायची, पुस्तक चाळायची, माझ्या समासातल्या अक्षरावरून बोट फिरवायची.

निघायच्या दिवशी सकाळी तिचे सासरे वालचंदनगरहून जीप घेऊन आले. तिथं सासरी जायचं, मग मुंबई, मग विमान. गावातल्या बाया जमल्या. आत्याबाईंनी ओटी भरली. बॅगा जीपच्या टपावर गेल्या, चाकं वर करून. ती सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही. रडारड झाली. उंबऱ्याशी गेली आणि बाहेर पाय टाकायच्या ऐवजी वळली. आमच्याकडं तोंड केलं. दोन्ही हात चौकटीला लावले.

बायांना आधी वाटलं चक्कर आली.

"आबा," ती म्हणाली, "दार आडवलंय मी."

आबा ओल्या डोळ्यांनीच हसले. "अगं, आत येणाऱ्याचं दार आडवत्यात. तू तर भाईर निघालीयास."

"म्हणूनच. आता न्हाय आडवलं तर कवा आडवू?"

"बरं. काय पायजे? बोल."

"वहिनीला औंदा जूनात बारामतीला धाडणार का?"

पदराला हात पुसत होते, ते तसेच राहिले.

"बघू की. निघ आता, टाईम होतुया."

"बघू चालत न्हाय. धाडणार म्हणा."

बाया हसल्या. मग हात चौकटीवरून निघेनात तसं हसू विरलं. जीपवाल्यानं हॉर्न दिला. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, जायच्या वक्ताला असं उंबऱ्यात उभं ऱ्हाऊ नगं." ती हलली नाही. तिचे सासरे जीपला टेकून उभे होते, ते पुढं आले. "काय झालं, पाव्हणं? द्या की शबुद. आमच्या सूनबाईला इमान गाठायचं हाय."

आता आबांची पंचाईत झाली. सुनेला बघू म्हणता येतं. लेकीलाही म्हणता येतं. व्याह्यासमोर, गावच्या बायांसमोर, दारात अडवून उभ्या असलेल्या लेकीला कसं म्हणणार? त्यांनी मिशीवरून हात फिरवला. माझ्याकडं बघितलं, लग्न होऊन आल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच नीट.

"धाडणार," म्हणाले.

"कवा?"

"जूनात म्हणलीस नव्हं? जूनात."

तिनं हात काढले. मला म्हणाली, "झाली बगा नोंद." आणि गेली.

मी रडले. हुंदके देऊन रडले. बाया माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, म्हणत होत्या, नणंदा-भावजयांचं किती पटत होतं बघा. काय सांगायचं त्यांना? आनंद झाला, पण तो नंतर. पुष्कळ नंतर. त्या घटकेला नुसता जळफळाट. मी बी.ए., मला सगळी रूपं येतात, आणि माझ्या बैठकीतलं मागणं माझ्या वडिलांनी मागितलं, माझं आताचं मागणं हिनं मागितलं. मी कधी मागितलं? तिचा नवरा, तिची अमेरिका, तिचे स्वेटर, यांच्यावर मी उन्हाळाभर जळत होते आणि ते सगळं फुकट गेलं. जळायचं होतं ते तिच्या त्या दोन हातांवर. लेकीचे हात त्या चौकटीला किती सहज लागतात. सुनेचा हात तिथं लागतो तो फक्त सणाला तोरण बांधताना.

जीप कालव्याच्या पुलावरून पलीकडं गेली. धूळ बसली. बाया आपापल्या घरी पांगल्या, आबा ओसरीवर जाऊन टेकले. मी दारातच उभी होते. आत्याबाई कोंबड्यांचं भांडं घेऊन आतून आल्या आणि माझ्या मागं थांबल्या.

"सरक की," म्हणाल्या. "दार आडवून काय उभी हाईस? तुला आनी काय मागायचंय?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. माझे दोन्ही हात चौकटीला लागले होते. केव्हा लागले ते कळलं नव्हतं. मी वळून आत तोंड केलं आणि हात पुन्हा चौकटीला लावले.

"जूनपासून सकाळच्या भाकरी कोण करणार, आत्याबाई?"

ओसरीवर आबा खाकरले. भांड्यातले दाणे बघून कोंबड्या बाहेरून माझ्या पायाशी गोळा व्हायला लागल्या.

"बघू," आत्याबाई म्हणाल्या.

मी हात काढले नाहीत.